गिरणीची शेवटची शेड पाडताहेत. गेटजवळची खोली कुठल्या खात्याची, कोणी सांगेल का?

तिसरी_पाळी

लोअर परळला एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. टॉवर ज्या जमिनीवर उभा आहे ती गिरणीची, आणि खिडकीतून खाली दिसते तीही गिरणीचीच, शेजारची. नाव लिहीत नाही, कारण त्या गिरणीकडे आमच्या घरचा हिशेब अजून बाकी आहे. बाबा तिथे त्रासन खात्यात होते. संपानंतर परत घेतलं नाही.

दिवाळीनंतर शेडला हिरवी जाळी लागली. मला वाटलं डागडुजी. मग पत्रे उतरले, मग काचा, आणि गेल्या सोमवारी पोकलेन आत शिरला. गेटवर नवा बोर्ड आहे: तळमजला अधिक बावीस, कमर्शियल. म्हणजे आणखी एक ऑफिस. मी ऑफिसात बसूनच हे लिहितेय, त्यामुळे फार तावातावाने बोलायचा मला अधिकार नाही हे कबूल.

काल जेवणाच्या सुट्टीत खाली गेले. वॉचमन कोरेगावकडचा निघाला. बाबांचं गाव सांगितल्यावर म्हणाला, "जावा ताई, पण दोनच मिनिटं, आन् डोक्याला हे घाला," आणि स्वतःचं हेल्मेट दिलं. मोठी शेड अर्धी गेलीय. पण गेटपासून वीसेक पावलांवर एक वेगळी दगडी खोली आहे, बुटकी, लांबट, लाकडी छताची. छताला लोखंडी हुक आहेत. एक-दोन नाही, चार ओळी, हात-दीड हाताच्या अंतराने. काहींना सुंभाचे तुकडे अजून चिकटलेले. मी जरा टाचा उंचावल्या तर हाताला लागले असते इतके खाली.

बाबा असते तर विचारलं असतं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. ही खोली कसली असेल? आणि दुसरा प्रश्न, जरा मोठा: हे सगळं पाडायलाच हवं होतं का?

---

काँक्रीटकर

स्ट्रक्चरलवाला आहे, परळ-वरळीतल्या तीन गिरण्यांच्या पाडकामावर साइटवर होतो. आधी मोठ्या शेडबद्दल.

छप्पर करवतीच्या दातांसारखं होतं का? एक बाजू उतरती पत्र्याची, दुसरी उभी काचेची? आणि काचा उत्तरेकडे? असेल तर ते साचेखातं, म्हणजे विणकाम. उत्तरेकडून उजेड दिवसभर सारखा येतो, ऊन थेट मागावर पडत नाही, सूत तापून कोरडं पडत नाही. कोरडं सूत तुटतं. कताई सहसा दगडी चार मजली इमारतीत असायची, विणकाम जमिनीवर, कारण शेकडो माग एकदम धडधडले की वरचा मजला नाचायला लागतो.

हुकांबद्दल: एके काळी मशीनला वेगळी मोटर नसे. इंजिनापासून छताखालून एक लांब दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून चामडी पट्टे खाली मशीनला यायचे. त्याच्या टांगण्या असाव्यात.

---

तिसरी_पाळी

@काँक्रीटकर, हो, करवतीचे दातच! रोज बघूनही "असं का" हे कधी मनात आलं नव्हतं. पण हुकांचं पटत नाही. ते करंगळीएवढे जाड आहेत. दांडा कसा पेलणार?

---

करीरोडकर

त्रासन म्हणजे इंग्रजी थ्रॉसल, सूत कातायचं मशीन. आमचे आजोबा सांगायचे, साहेब म्हणाला थ्रॉसल, जॉबरने, म्हणजे मुकादमाने, ऐकलं त्रासन, आणि पुढे ज्यांना काम करावं लागलं त्यांना नाव बरोब्बर वाटलं :)

खोली कँटीन असेल. हुकांना केळीचे घड.

---

स्पष्टवक्ता_७

दर सहा महिन्यांनी हा धागा निघतो. भोंगा, खानावळ, डबलबारी, अश्रू.

गिरणीत आठ तास उभं राहिलेल्या माणसाला विचारा तिथे किती काव्य होतं. माझ्या मामाच्या कानात, नाकात, भाकरीत कापूस. पन्नाशीत दम लागायला लागला. सोमवारी जास्त लागायचा, सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळायची. त्याला बिसिनोसिस म्हणतात हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. अशा इमारती जपायच्या कशासाठी? ऑफिसात एसी आहे, बसायला खुर्ची आहे. पाडा आणि पुढे चला.

---

खानावळीची_नात

@स्पष्टवक्ता_७, मामांचं वाचून वाईट वाटलं. पण छाती कापसाने भरली आणि इमारत दगडाची होती. राग कुणावर काढायचा ते तरी ठरवा.

माझी आजी डिलाईल रोडला खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, बावीस माणसांचं जेवण. सगळे कोकणातले, गावाला बायका-पोरं. तीन पाळ्यांची तीन ताटं. बाकी गिरणीच्या आतलं तिला काही माहीत नव्हतं. पण माझ्या सासूबाईंची मावशी वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, होती. मावशी आहेत अजून, ऐंशीच्या पुढे, कान गेलेत पण डोकं शाबूत. रविवारी विचारते खोलीचं.

---

निळी_फाइल

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्याचं उत्तर इमारतीत नाही, नियमात आहे. जरा लांबेल.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. बंद आणि आजारी गिरण्यांची जमीन विकसित करायची असेल तर मोकळी जमीन आणि उरलेला एफएसआय (म्हणजे बांधकामाचा हक्क) यांचे ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मैदान-बागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला छान. सगळ्या गिरण्यांची मिळून जमीन सुमारे ६०० एकर. बेटाच्या ऐन मध्यावर. १९९६मध्ये सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगटही नेमला, एनटीसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कापड महामंडळाच्या, गिरण्यांच्या जमिनीचा तुकड्या-तुकड्याने नव्हे, एकत्र विचार करायला. अहवाल आला. फडताळात गेला.

मग २००१ची दुरुस्ती. "मोकळी जमीन" म्हणजे आधीपासून जिच्यावर बांधकाम नाही तेवढीच. शेड पाडून जी मोकळी होईल ती वाटपात धरायची नाही.

आता @काँक्रीटकर यांनी सांगितलेली साचेखात्याची शेड डोळ्यांपुढे आणा. जमिनीवर अंथरलेली, एकमजली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गिरणीचा बहुतेक प्लॉट अशाच शेडनी भरलेला. मग मोकळं काय उरलं? गेटपासून ऑफिसपर्यंतचा रस्ता, तळं, साहेबाच्या बंगल्यापुढची हिरवळ. त्याचे तीन वाटे. उरलेलं, म्हणजे शेडखालचं सगळं, मालकाचं.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप हायकोर्टात गेला. ऑक्टोबर २००५मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मार्च २००६मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, दुरुस्ती कायम. दरम्यान २००५मध्येच एनटीसीने पाच गिरण्या लिलावात काढल्या होत्या. ज्युपिटर २७६ कोटी, मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटी, एल्फिन्स्टन, कोहिनूर क्रमांक ३, अपोलो. पाचांचे मिळून दोन हजार कोटींच्या वर. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टनच्या जागी काय आहे ते तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या आयकार्डावर छापलेलं असेल.

तेव्हा "पाडायलाच हवं होतं का" हा प्रश्न शेड मोडकळीला आल्यावर विचारून उपयोग नाही. शेड उभी असली तर ती जुनी शेड. पाडली तर तिच्याखालची जमीन कुणाशीही न वाटता आपली. असा हिशेब हातात दिल्यावर कोण ठेवेल?

---

काँक्रीटकर

@निळी_फाइल, नियमाचं मान्य. पण इमारतीचाही दोष पदरात घ्या.

बाहेरून दगडी भिंत दोन-अडीच फूट जाड, चुन्यात बांधलेली, ती आणखी शंभर वर्षं हलत नाही. आत मात्र बिडाचे खांब. बीड दाबाला जबरदस्त, वाकवायला गेलं की काचेसारखं फुटतं. आग लागून तापलं आणि वरून पाण्याचा फवारा बसला की तडकतं. आजच्या अग्निशमनाच्या नियमात ते उघडं ठेवता येत नाही. एकमजली शेडचे पन्हाळ दातांच्या बेचक्यात असतात, मुंबईचा पाऊस तिथे साचतो, वीस वर्षं कुणी साफ केलं नाही की लाकूड कुजतं. संपानंतर या शेड नुसत्या पडून होत्या.

कताईच्या मजली इमारती मात्र खरंच वापरता आल्या असत्या. ऑफिसच्या मजल्याला आपण चौरस मीटरला अडीच ते चार किलोन्यूटन, म्हणजे साधारण अडीचशे ते चारशे किलो, भार धरतो. ज्या मजल्यावर रिंग फ्रेमच्या, म्हणजे कताईच्या मशीनच्या, ओळी चोवीस तास थरथरत होत्या त्याला चार टेबलं आणि एक कॉफी मशीन म्हणजे काहीच नाही. उंची चौदा-पंधरा फूट, खिडक्या माणसापेक्षा मोठ्या. आज असं ऑफिस बांधायला घ्या, परवडणार नाही.

तरी पाडली. एका साइटवर मी स्वतः सही केली, "धोकादायक" म्हणून. धोकादायक होती का? जिना होता. इमारत नव्हती.

---

करीरोडकर

हे लिहायला धाडस लागतं काँक्रीटकर. +१

---

स्पष्टवक्ता_७

सही केली आणि आता धाग्यावर हळहळ. छान.

---

काँक्रीटकर

केली. तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, पहिली नोकरी. घ्या दोन शिव्या देऊन.

---

ओल्डहॅमवासी

मँचेस्टरच्या बाजूला राहतो, म्हणून राहवत नाही. ज्या मशीनवर तुमचे आजोबा उभे होते त्यातली कित्येक इथून आलेली, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. कुठल्या जुन्या फ्रेमच्या कडेला नाव ओतलेलं असेल तर वाचा. पुढे मुंबईने इतकं सूत काढलं की इथले गिरणीवाले कपाळाला हात लावून बसले.

इथे काय केलं सांगतो. मँचेस्टरच्या अँकोट्समध्ये मरेज मिल्स, रॉयल मिल्स, लाल विटांच्या प्रचंड इमारती, आता आत फ्लॅट. यॉर्कशरमध्ये सॉल्टेअरची लोकरीची गिरणी १९८६मध्ये बंद पडली, पुढच्याच वर्षी एका माणसाने विकत घेतली, आता तिथे चित्रांचं दालन, दुकानं, कंपन्यांची ऑफिसं. २००१मध्ये गावासकट युनेस्कोच्या यादीत.

पण हुरळून जाऊ नका. ओल्डहॅमची हार्टफर्ड मिल वारसायादीत असूनही वर्षानुवर्षं ओसाड राहिली आणि शेवटी पाडलीच. शिवाय जिथे जपल्या तिथे जमिनीला लोअर परळचा भाव नव्हता. ही गोष्ट इथले लोक भाषणात सांगत नाहीत.

---

सोलापुरी_चादर

आमच्याकडची जुनी गिरणी १८७७ची. १९६३ला बंद पडली, म्हणजे तुमच्या संपाच्या वीस वर्षं आधी आम्ही हे सगळं भोगून बसलो होतो, पण मुंबईत झाल्याशिवाय महाराष्ट्रात झालं असं होत नाही.

पाडकामावरून आठवलं. १५ जून २०२३ला आमच्या साखर कारखान्याची चिमणी सुरुंग लावून पाडली, विमानाला आडवी येते म्हणून. ती तर जुनीही नव्हती. तरी गावातली माणसं छपरांवर चढून बघत होती आणि पडल्यावर मिनिटभर कोणी बोललं नाही. उंच गोष्ट पडली की माणूस गप्प होतो, कारण काहीही असो.

---

करीरोडकर

मुंबईत चिमणी सुरुंगाने नाही पाडत ना? मी लहानपणी बघितलंय, वर चढून दोन माणसं एकेक वीट काढत होती. महिनाभर चिमणी रोज थोडी बुटकी व्हायची.

---

काँक्रीटकर

बरोबर. आजूबाजूला चाळी, रेल्वे, गॅसच्या लाइनी, सुरुंग कोण लावू देईल? वरून खाली, विटेने वीट, राबिट चिमणीच्या पोटातच टाकायचं आणि खालच्या भोकातून काढायचं.

आणि पाडकामाचा खरा क्रम सांगतो, कारण लोकांना वाटतं पोकलेन आला की सुरुवात. पोकलेन शेवटी येतो. पाडणारा कंत्राटदार बहुतेक वेळा पैसे घेत नाही, देतो. माल त्याचा. आधी सागवान. बर्मा सागाच्या तुळया, तीस-तीस फूट, एक गाठ नाही. चार पोरं बसून दिवसभर नुसते खिळे उपटतात, कारण खिळा राहिला तर करवतीचं पातं जातं. ते लाकूड जोगेश्वरी-ओशिवऱ्याला जातं आणि "अँटिक टेबल" होऊन परत येतं, कदाचित तुमच्याच ऑफिसच्या रिसेप्शनला. मग लोखंड, गॅसकटरने. बिडाचे खांब घणाने फोडतात, गॅसने ते नीट कापलं जात नाही. मग शहाबादी लाद्या. राबिटला मात्र कोणी विचारत नाही.

---

तिसरी_पाळी

आमच्या रिसेप्शनचं टेबल खरंच तसलं आहे. मध्ये खिळ्यांची काळी भोकं आहेत, त्यावर काच टाकलीय. मला ती डिझाइन वाटायची.

@स्पष्टवक्ता_७, तुमचा राग मला कळतो, म्हणून माझं सांगते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी आईच्या पोटात होते. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख माणसं गेली, त्यातले एक बाबा. संप संपला असं कोणी कधी जाहीर केलं नाही, तो नुसता विरला. बाबा दोन वर्षं गावाला शेती करत होते, मग परत येऊन दादरला फुलांच्या गाडीवर, मग एका सोसायटीत वॉचमन. गिरणीने ग्रॅच्युइटीचा एक हप्ता दिला, दुसऱ्यासाठी तिकीट नंबरचा, म्हणजे कामगार क्रमांकाचा, पुरावा मागितला. पितळेचा बिल्ला घेऊन बाबा गेले. क्लार्क म्हणाला, हा चालत नाही, कागद हवा. कागद गिरणीच्याच कपाटात होते.

घराचा अर्ज भरलाय. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आहेत. पहिली सोडत २०१२ला निघाली, ६,९२५ घरं. मग २०१६, मग २०२०. सव्वादोनशे चौरस फुटांचं घर. आमचा नंबर लागलेला नाही. आता शेलू-वांगणीचं ऐकू येतं. ज्यांनी परळमध्ये काम केलं त्यांच्या नातवांनी वांगणीहून लोकल पकडून परळच्याच ऑफिसात यायचं. @निळी_फाइल यांचं गणित वाचल्यावर कळलं की म्हाडाच्या घरांचा वाटा कुठे गेला.

मला शेड काव्य म्हणून नकोय. मला ती पुरावा म्हणून हवी होती. बाबांचा बिल्ला चालला नाही, निदान भिंत तरी असती.

---

स्पष्टवक्ता_७

हे आधी लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

मामाचाही बिल्ला आहे. नंबर वाचता येत नाही इतका घासलाय. मामी चिंच लावून तो घासते दसऱ्याला.

---

आयटीतला_पोर्‍या

सगळ्यांचा आदर ठेवून: मी रोज डोंबिवलीहून येतो. मला गिरणी माहीत नाही, मला प्रभादेवीचा पूल माहीत आहे. २९ सप्टेंबर २०१७ला त्या जिन्यावर २३ माणसं गेली, तेव्हा स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. मी वीस मिनिटं आधीच्या गाडीने गेलो होतो. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे केले, त्यात लाखभर माणसं बसवली आणि ती ज्या जिन्यावरून चढणार तो जिना गिरणीच्या काळातलाच ठेवला. डिलाईल रोडचा पूल २०१८ला बंद झाला तो २०२३ला पूर्ण उघडला. इमारत जुनी ठेवा नाहीतर नवी बांधा, रस्ता कोणी बघणार आहे का?

---

निळी_फाइल

@आयटीतला_पोर्‍या, तुम्ही नकळत माझंच वाक्य पुरं केलंत. एकत्र आराखडा हवा होता तो यासाठीच. एकेका गेटच्या आतला प्लॅन मंजूर होत गेला, दोन गेटांमधल्या रस्त्याचा कोणाच्याच फायलीत नव्हता. गिरणीत माणसं तीन पाळ्यांत यायची आणि बहुतेक चालत यायची. ऑफिसची सगळी साडेनऊला, लोकलने.

---

करीरोडकर

कमला मिलचीही आग त्याच वर्षी. २९ डिसेंबर, १४ जणं. गच्चीवर हॉटेल.

म्हणजे नुसती जपली की झालं असंही नाही. कोण वापरतंय आणि कोण तपासतंय तेही आलं.

---

पुणेरी_टोमणा

आमच्या पुण्यात राजा बहादूर मिल आहे, स्टेशनजवळ. दगडी इमारती ठेवल्यात, आत खाणंपिणं, गाणं, ऑफिसं. जाऊन बघा. बिअर महाग आहे, भिंती मात्र छान.

---

करीरोडकर

पुणेकराने काहीतरी महाग आहे हे सांगितल्याशिवाय धागा पूर्ण होत नाही :)

---

खानावळीची_नात

मंडळी, मावशींकडे जाऊन आले. सावकाश वाचा.

मी @तिसरी_पाळी यांनी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं, कानाशी ओरडून. बुटकी खोली, गेटजवळ, छताला चार ओळी हुक. त्यांनी मला पुरं करूच दिलं नाही. म्हणाल्या, "अगो, ती पाळणाघराची खोली. हुकाक पाळणे."

गिरणीत वाइंडिंग-रिलिंगला बायका असायच्या. कारखान्यात ठरावीक संख्येवर बायका असल्या की पाळणाघर ठेवायची सक्ती १९४८च्या फॅक्टरी कायद्यात होती. मावशींच्या गिरणीत गेटजवळच होतं, कारण आत मागांचा आवाज. लुगड्याचा किंवा गिरणीच्याच बाद कापडाचा झोळीसारखा पाळणा, सुंभाने हुकाला. हुक खाली का, तर आईला वाकून नाही, उभ्यानेच पोर उचलता यावं. एक आया होती, ती मधून चालत जायची आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडच्या झोळ्यांना झोका देत जायची. पार टोकापर्यंत, मग परत. "तिचे हात सदा असे," म्हणून मावशींनी दोन्ही हात पसरून दाखवले.

दूध पाजायला सुट्टी असायची. मावशी धावत यायच्या, अंगावर कापूस तसाच. पोराला घेण्याआधी छातीवरून ओला पदर फिरवायच्या, तूस पोराच्या नाकात जाऊ नये म्हणून. थोरला मुलगा त्या पाळण्यात होता. तो आता पासष्टचा आहे, ठाण्याला असतो.

त्यांच्या सासूच्या वेळी पाळणाघर नव्हतं. तेव्हा पोराला बाळगोळी चाटवून घरी निजवून यायचे. अफूची. ते सांगताना मावशी जरा थांबल्या, मी पुढे विचारलं नाही.

गिरणी तीच की शेजारची ते नक्की सांगता येत नाही. पण खोली पाळणाघराचीच असं त्या छातीवर हात ठेवून सांगतात.

---

काँक्रीटकर

मी दांडा म्हणत होतो.

तीन साइटवर अशा खोल्या बघितल्यात. प्लॅनवर "मिसलेनियस शेड" लिहिलं होतं.

---

ओल्डहॅमवासी

बायकोला वाचून दाखवलं. चहा गार झाला.

---

निळी_फाइल

@तिसरी_पाळी, खोली उभी असेल तर उद्याच्या उद्या मोबाइलवर मापं घ्या. लांबी, रुंदी, हुकांची संख्या, हुक जमिनीपासून किती उंच. थांबवता येणार नाही, परवानगी झालेली आहे. पण मापासकट नोंद असली तर ती कुठल्या तरी कागदावर येते. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचंय, तिथेही धाडा. मजकूर मी करून देतो.

---

तिसरी_पाळी

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, हात थरथरताहेत.

आज सकाळी पावणेनऊला गेले. कोरेगावकरांनी आत सोडलं. खोली आहे, अर्धी. छताच्या दोन ओळी रात्री उतरवल्या, सागवान म्हणून. उरलेल्या दोन ओळींत १९ हुक. जमिनीपासून सव्वासहा फूट, टेप मुकादमाकडून घेतला. लांबी अडतीस फूट. एका भिंतीवर, माझ्या कमरेच्या उंचीला, तेलकट पट्टा आहे, आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आधी कळेना. मग लक्षात आलं, रांगणारी-चालणारी पोरं भिंत धरून चालत असणार. वरच्या भिंतीला चुना आहे, पट्ट्यावर मात्र दगड गुळगुळीत झालाय.

उतरवलेले हुक गोणीत होते. मुकादमाला म्हटलं एक हवाय. तो म्हणाला, किलोवर जातात मॅडम, एक कसा देऊ? मग दिला. पैसे घेतले नाहीत. कशाला हवा तेही विचारलं नाही. मी सांगितलं, तर त्याने गोणीत हात घालून आणखी एक काढला आणि म्हणाला, "त्या मावशींना द्या."

@खानावळीची_नात, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. रविवारी येते.

---

खानावळीची_नात

केलाय. मावशींना फोनवर सांगितलं. हुकाबद्दल काही बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, पाळणाघराच्या दारात पिंपळ होता, आया त्याच्या पारावर धुतलेल्या झोळ्या वाळत घालायची, तो आहे की तोडला?

---

करीरोडकर

पिंपळ असेल तर वाचेल. ५० वर्षांवरचं झाड राज्याच्या झाडांच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर हेरिटेज धरतात. तोडायला जाहीर नोटीस, हरकती, सुनावणी, सगळं.

---

स्पष्टवक्ता_७

झाडाला सुनावणी आहे होय.

---

तिसरी_पाळी

पिंपळ आहे. पार फोडलाय, पण झाड उभं आहे. भोवती पत्रे लावलेत आणि खोडावर पांढऱ्या रंगाने ३१ नंबर घातलाय. रविवारी येताना फोटो मोठा करून आणते, मावशींना दिसेल असा.